सज्जता आणि पूर्तता : घटनाचक्राच्या भाषांतराचा एक अभ्यास

भाषांतरविषयक चर्चेत अमुक शब्दाला पर्याय सापडत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. वस्तुतः भाषांतरकाराची खरी परीक्षा कोशात होत नाही, ती व्याकरणात होते. ‘रामाने पोथी वाचली’ हे साधे मराठी वाक्य घ्यावे. येथे क्रियापद रामाचे अनुसरण करीत नाही, पोथीचे करते. पोथीच्या जागी ग्रंथ आला तर ‘वाचला’ होते, पुस्तक आले तर ‘वाचले’. कन्नडात असाच आशय ‘रामनु पुस्तकवन्नु ओदिदनु’ अशा वाक्यात येतो आणि तेथे क्रियापद रामाला बांधलेले असते. काय वाचले गेले याची त्याला फिकीर नसते. म्हणून कन्नडातून मराठीत येणाऱ्या भाषांतरकाराला क्रियापद पुरे करण्यापूर्वी कर्माचे लिंग व वचन हाती असावे लागते. मूळ क्रियापदाने जी माहिती मागितलीच नव्हती, ती येथे आधी द्यावी लागते. शब्द सगळे मिळाले तरी ही अडचण शिल्लक राहतेच.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी साहित्याभ्यासापासून दूरचा आहे. संगणकाच्या आज्ञावलीत ‘इव्हेंट लूप’ नावाची जी रचना असते, ती एका कार्यप्रणालीवरून दुसरीवर नेताना काय घडते, हा तो विषय. परंतु त्याच्या मुळाशी जाऊ लागलो की वर सांगितलेली अडचण जशीच्या तशी समोर येते. बेंगळुरूसारख्या शहरात तर ती रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. येथील कार्यालयांत आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मेजावर बहुधा विंडोज किंवा मॅकओएस असते आणि तीच आज्ञावली अखेरीस दूरच्या ज्या यंत्रावर चालते तेथे बहुधा लिनक्स असते. लेखन एका भाषेच्या प्रदेशात आणि वाचन दुसऱ्या, असा हा प्रकार आहे. भारतातील पहिले पायकॉन संमेलन, म्हणजे पायथन या संगणकभाषेच्या उपयोजकांचा मेळावा, २००९ साली याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत भरला होता. आपल्या विवेचनातील मुख्य उदाहरणही त्याच भाषेतील आहे.

प्रथम संज्ञेविषयी दोन शब्द. इव्हेंट लूपला मराठीत ‘घटनाचक्र’ म्हणावे असे सुचते. पण वृत्तपत्रांनी हा शब्द घटनांच्या मालिकेसाठी इतका वापरला आहे की त्यातील चाकाचा अर्थ झिजून गेला आहे. येथे तो मूळ अर्थानेच घ्यावयाचा आहे. अनेक ग्राहकांशी एकाच वेळी बोलणाऱ्या आज्ञावलीला प्रत्येकासाठी स्वतंत्र कामकरी नेमता येतो. परंतु ग्राहक दहा हजारांच्या घरात गेले की तो खर्च परवडत नाही. डॅन केगेल यांनी १९९९ साली या प्रश्नाला ‘सी-टेन-के’ असे नावच देऊन टाकले. त्यावर उत्तर असे की कामकरी एकच ठेवावा; त्याने कोणा एकापाशी खोळंबून न राहता सगळ्यांची नोंद कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, द्यावी, काही घडले की उठावे, तेवढे काम उरकावे आणि पुन्हा वाट पाहत बसावे. उठणे, उरकणे, बसणे, हे ते चक्र.

आता ‘काही घडले’ म्हणजे नेमके काय घडले, यावर कार्यप्रणालींचे एकमत नाही, आणि सगळा प्रश्न येथेच उगवतो. दुधाच्या रतिबाचे उदाहरण घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल. एका आळीत गवळी दाराशी येऊन हाक देतो. हाक ऐकून घरातील माणूस पातेले घेऊन बाहेर येतो आणि दूध मोजून घेतो. दुसऱ्या आळीत रात्री झोपण्यापूर्वीच पातेले झाकण घालून दाराबाहेर ठेवलेले असते. पहाटे केव्हातरी ते भरले जाते आणि घरातील माणसाला कळते ते दूध आल्याचे नव्हे, दूध भरून झाल्याचे. पहिल्या पद्धतीत वार्ता मिळते ती सज्जतेची : दूध दाराशी आहे, आता तुम्ही घ्या. दुसरीत वार्ता मिळते ती पूर्ततेची : घेऊन झाले आहे. संगणकशास्त्रात या दोन रचनांना अनुक्रमे ‘रिअ‍ॅक्टर’ व ‘प्रोअ‍ॅक्टर’ अशी नावे आहेत.

युनिक्सच्या कुळात पहिली पद्धत रूढ झाली. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये ‘सिलेक्ट’ ही सोय आली. तिला वाटांची यादी द्यावयाची आणि त्यांतील कोणती सज्ज आहे ते विचारावयाचे. यादी लांबली की दर खेपेस ती सगळी चाळावी लागते, हा तिचा दोष. शिवाय बहुतेक ठिकाणी १०२४ ही तिची मर्यादा. पुढे २००० साली फ्रीबीएसडीमध्ये जोनाथन लेमन यांचे ‘केक्यू’ आले आणि त्याच वारशाने ते मॅकओएसमध्ये गेले. लिनक्समध्ये २००२ साली दाविदे लिबेन्झी यांचे ‘ईपोल’ आले. दोघांनीही यादी कर्नलपाशीच ठेवण्याची व्यवस्था केली, पण प्रश्न तोच ठेवला : कोण सज्ज आहे? विंडोजने मात्र १९९४ च्या एनटी ३.५ पासून ‘आयओसीपी’ नावाने पूर्ततेची वाट धरली होती. विंडोजमध्ये ‘सिलेक्ट’ नाही असे नाही. परंतु तेथे ते केवळ जाळ्यावरील सॉकेटांपुरते चालते, आणि त्याची मूळ मर्यादा ६४ इतकी आहे. एकच नाव, एकच व्यवहार, आणि तरीही अर्थ संकुचित. भाषांतरशास्त्रात ज्यांना फसवे समानार्थी म्हणतात त्यांतलाच हा प्रकार.

कर्माचे लिंग आधी कळावे लागते, असे मराठी क्रियापदाविषयी वर म्हटले. पूर्ततेच्या पद्धतीत पातेल्याचे तसेच आहे. सज्जतेच्या घरात हाक येईपर्यंत पातेले कोणत्याही कामात असू शकते. हजार दारांवर हजार गवळी येणार असले तरी एकच पातेले धुऊन धुऊन पुरवता येते. पूर्ततेच्या घरात मात्र हजार पातेली आदल्या रात्रीपासून अडकून पडतात. आज्ञावलीच्या परिभाषेत हे पातेले म्हणजे बफर, स्मृतीतील राखून ठेवलेली जागा. सज्जतेच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने ही जागा आधी राखलेलीच नसते. तिला पूर्ततेच्या भाषेत न्यावयाचे तर मध्यस्थाने ती स्वतःच्या पदरची घालावी लागते. उलट दिशेचे भाषांतर तुलनेने सोपे आहे. कर्नलने ‘सज्ज’ म्हणताच मध्यस्थाने स्वतः जाऊन वाचावे आणि आत येऊन ‘झाले’ म्हणावे. अर्थात हे ‘झाले’ कर्नलचे नसते, मध्यस्थाचे असते.

याहून गंभीर भेद काम रद्द करण्याच्या वेळी दिसतो, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सज्जतेच्या पद्धतीत वाट पाहणे सोडून देण्यास काहीच पडत नाही. तुम्ही दार उघडले नाही तर दूध गवळ्यापाशीच राहते. उद्या पुन्हा दार उघडा, ते तेथेच असेल. पूर्ततेच्या पद्धतीत रात्री दोन वाजता मन बदलून पातेले उचलायला जावे तर ते रिकामे असेल, अर्धे असेल, किंवा भरूनही गेले असेल. रद्द करण्याची आज्ञा ही तेथे आज्ञा नसून विनंती असते. तिचे उत्तर येईपर्यंत ती जागा मोकळी समजून दुसऱ्या कामाला लावली, तर कर्नल परक्याच्या पातेल्यात दूध ओततो. आणि भरलेले पातेले ‘आपण रद्द केले होते’ एवढ्याच समजुतीने ओतून दिले, तर आलेला मजकूर नाहीसा होतो. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने तो पोचलेला असतो, घेणाऱ्याच्या दृष्टीने आलेलाच नसतो. मुदत संपताच वाचन सोडून देणारी आज्ञावली एका कार्यप्रणालीवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि दुसरीवर क्वचित एखादा संदेश गिळते, असे घडू शकते. आणि क्वचित घडणारा दोष शोधणे किती कठीण असते हे पाठचिकित्सा करणाऱ्यांना सांगावयास नको. एखाद्याच प्रतीत गळलेली ओळ जशी शेजारी दुसरी प्रत ठेवल्याशिवाय दिसत नाही, तसेच हे आहे.

या दोन व्याकरणांवर एकच आवरण घालण्याचे प्रयत्न झाले, त्यांतील दोन परस्परविरुद्ध आहेत. ‘लिबइव्हेंट’ आणि त्यानंतरचे ‘लिबईव्ह’ ही युनिक्सच्या परंपरेत वाढलेली ग्रंथालये; त्यांनी सज्जतेला प्रमाणभाषा मानले. रायन डाल यांनी २००९ साली पुढे आणलेले ‘नोड’ सुरुवातीस लिबईव्हवरच उभे होते, आणि म्हणून विंडोजवर ते सरळ चालत नसे. विंडोजमध्ये युनिक्सचा आभास उभा करणाऱ्या सिगविनच्या आडून त्याचा वापर करावा लागे. २०११ साली त्यासाठी ‘लिबयूव्ही’ घडवले गेले आणि त्याच्या कर्त्यांनी निर्णय उलटा घेतला : आवरणाची भाषा पूर्ततेची ठेवावी, युनिक्सवर ती वरील रीतीने मध्यस्थाकरवी पुरी करावी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘नोड ०.६’ विंडोजवर स्वतःच्या पायांवर उभे राहिले. जे भाषांतर सोपे त्या दिशेने भाषांतर करावे, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

तरीही एक जागा अशी आहे की जेथे हे आवरण आतून पोकळ आहे. साध्या फायली ईपोलच्या कक्षेत येतच नाहीत. ईपोल त्यांची नोंद नाकारते, तर जुने ‘सिलेक्ट’ त्या नेहमीच सज्ज असल्याचे सांगते, मग तबकडी कितीही मंद असो. तेव्हा लिबयूव्ही फायलींचे काम गुपचूप चार कामकऱ्यांच्या एका छोट्या गटाकडे सोपवते. चार ही मूळ संख्या; ती वाढवता येते, पण ती वाढवावी लागेल हे आधी ठाऊक तर हवे. ज्या आज्ञावलीचा लौकिक ‘एकच कामकरी, कोठेही खोळंबा नाही’ असा, तिच्या माजघरात चौघे खोळंबलेले असतात.

पायथनने तिसरा मार्ग घेतला. गिडो व्हान रॉसम यांनी २०१२ साली मांडलेल्या प्रस्तावातून ‘असिंकआयओ’ तयार झाले आणि मार्च २०१४ मध्ये ३.४ या आवृत्तीबरोबर आले. त्यात दोन्ही चक्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत : एक ‘सिलेक्टर’, दुसरे ‘प्रोअ‍ॅक्टर’. वरच्या थरावर दोघांची बोली एक. खालच्या थरावर मात्र जे एकाला येते ते दुसऱ्याला येत नाही, आणि हे दस्तऐवजात उघडपणे लिहिलेले आहे. विंडोजवर सिलेक्टर-चक्र दुसरी प्रक्रिया चालवू शकत नाही. प्रोअ‍ॅक्टर-चक्राला ‘अमुक वाट सज्ज झाली की मला सांग’ ही विनंती समजतच नाही. आणि कर्नलकडून येणाऱ्या इशाऱ्यांवर हस्तक नेमण्याची चक्राची सोय युनिक्सपुरतीच आहे. येथे सहज आठवण होते ती याच बेंगळुरूत शहाजीराजांच्या आश्रयाने जयराम पिंड्ये याने रचलेल्या राधामाधवविलासचंपूची. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आहेत, आणि त्या एकीच्या साच्यात दुसरी कोंबून केलेल्या नाहीत. सगळ्यांना एका भाषेत ओढण्यापेक्षा प्रत्येकीला तिच्या जागी बसवणे हीही एक रीत आहे. तिची किंमत एवढीच की श्रोत्याला अनेक भाषा कळाव्या लागतात.

ही किंमत कोणाला मोजावी लागते ते ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसून आले. तोवर विंडोजवर सिलेक्टर-चक्र हे आपोआप मिळणारे चक्र होते. पायथन ३.८ ने त्याच्या जागी प्रोअ‍ॅक्टर आणले. कारण सबळ होते : त्याला सिलेक्टसारखी मर्यादा नव्हती आणि दुसऱ्या प्रक्रिया चालवता येत होत्या. परंतु ‘टॉर्नेडो’ हे सज्जतेच्या भाषेत लिहिलेले जुने ग्रंथालय होते; त्याने नेहमीची विनंती केली आणि नव्या चक्राने ‘हे माझ्यात नाही’ असे सांगून काम थांबवले. टॉर्नेडोवर उभी असलेली ‘ज्युपिटर’ची वही विंडोजवर उघडेनाशी झाली. शब्दसंख्या काढणे, पाठभेद जुळवणे, शब्दसूची करणे अशी कामे साहित्याचे अभ्यासकही आता ज्या वहीत करतात, ती हीच. आज्ञावलीचा एक शब्दही न बदलता, केवळ नवी आवृत्ती बसवल्यामुळे, आणि तेही एकाच कार्यप्रणालीवर, हे घडले. तात्पुरता उपाय म्हणून जुने चक्र परत मागवणारी एक ओळ वर लिहावी लागे. पुष्कळांनी ती कशासाठी आहे हे न कळताच नकलून घेतली. ऑक्टोबर २०२० मधील टॉर्नेडो ६.१ ने कायमचा तोडगा काढला : प्रोअ‍ॅक्टर भेटला तर शेजारी दुसरा कामकरी बसवावा, त्याने सिलेक्ट चालवावे आणि सज्जतेच्या वार्ता आत आणून द्याव्यात. दुभाष्याला स्वतंत्र खुर्ची मिळाली.

पोस्टग्रेस विदागाराशी बोलणारे ‘सायकॉप्ज ३’ आजही आपल्या असिंक रूपात प्रोअ‍ॅक्टर-चक्रावर चालत नाही आणि तसे स्पष्ट सांगते. २०१६ साली आलेले वेगवान ‘यूव्हीलूप’ विंडोजसाठी उपलब्ध नाही. गंमत अशी की ते ज्या लिबयूव्हीवर बांधले आहे, ते घडवले गेले होते विंडोजसाठीच. या सगळ्याचा भार समान वाटला जात नाही. अनुभवी व्यावसायिक विंडोजच्या पोटात लिनक्स बसवून मोकळा होतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या यंत्रावर, जेथे काही बसवण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो, तेथे तो पाठ्यपुस्तकातील उदाहरण टंकून पाहतो आणि ते चालत नाही. उदाहरण लिहिणाऱ्याने आपली कार्यप्रणाली सांगितलेली नसते, कारण त्याला ती एकमेव वाटते. प्रमाणभाषा बोलणाऱ्याला आपल्या भाषेला बोली म्हणतात हे जसे कधी ऐकावे लागत नाही, तसेच हे.

व्याकरणे कालांतराने एक होतीलच, असा आशावाद काही जण बाळगतात. त्यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे उदाहरण पाहावे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एकीचे वाक्य दुसरीत पदागणिक, प्रत्ययागणिक बदलून ठेवता येते. तरीही शब्द वेगळेच राहिले, कारण घरातली भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. म्हणजे एकीकरण होते, पण ते शतकांच्या सहवासाने होते, आणि नावे वेगळी राहण्यासाठी भाषेबाहेरची कारणे पुरेशी असतात. कार्यप्रणालींच्या मागेही संस्था आहेत, बाजार आहेत, निष्ठा आहेत.

तथापि सहवासाचा परिणाम दिसू लागला आहे हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या मे महिन्यात लिनक्स ५.१ बरोबर येन्स अ‍ॅक्सबो यांचे ‘आयओ-यूरिंग’ आले आणि सज्जतेच्या कुळातील सर्वांत मोठ्या घराने दाराबाहेर पातेले ठेवावयास सुरुवात केली. त्यात साध्या फायलीही येतात, म्हणजे माजघरातील त्या चौघांची गरज तत्त्वतः संपते. २०२३ साली लिबयूव्हीने फायलींच्या काही कामांसाठी त्याचा अवलंबही केला. परंतु त्याच वर्षी गूगलने सुरक्षिततेच्या कारणास्तव आपल्या अनेक यंत्रणांत आयओ-यूरिंगवर निर्बंध घातले, डॉकरसारख्या पेट्यांत ते मुळातच बंद ठेवले जाऊ लागले, आणि लिबयूव्हीनेही पुढे ते आपोआप चालू न ठेवता मागितल्यासच देण्याचे धोरण घेतले. तेव्हा आजची स्थिती अशी आहे की ‘लिनक्सवर चालते’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या कर्नलवर, कोणत्या पेटीत, कोणाच्या परवानगीने, हेही विचारावे लागते. दरम्यान पायथनने ३.१४ या आवृत्तीत चक्र निवडण्याची जुनी ‘पॉलिसी’ची व्यवस्था कालबाह्य ठरवली असून, चक्र कोणते हवे ते आज्ञावली सुरू करतानाच सांगावे अशी सोय ठेवली आहे. २०१९ नंतर नकलून घेतलेली ती एक ओळ जेथे जेथे राहून गेली असेल, तेथे तेथे ती आता शोधून बदलावी लागणार आहे.